मंगळावरचं पाणी

मंगळावर माणसं असतील तर ती पापी असतील का, असा प्रश्न माझ्या नवऱ्याने भर वस्तीत विचारला, तेव्हा मी पोटुशी होते आणि मला त्यांचा रागच आला होता. कणगीत ज्वारी किती उरली आहे हे या माणसाला कधी ठाऊक नसायचं, आणि चौकशा कुणाच्या, तर मंगळाच्या.

पण प्रश्न विचारणं हा त्यांचा धर्मच होता. ते मिशनच्या शाळेचे मास्तर. शाळा म्हणजे एक खोली आणि तिच्यापुढचं अंगण. रविवारी त्याच खोलीत क्रूस ठेवला की ती आमचं देऊळ व्हायची. आमची वस्ती गावकुसाबाहेरची, धर्मापुरीहून अंबाजोगाईला जाणाऱ्या वाटेवर. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. राज्य निजामाचं होतं आणि मोमिनाबादेत घोडदळाची छावणी होती. माझे वडील त्या छावणीत घोड्यांना खरारा करायचे. तिथल्या ख्रिस्ती शिपायांसाठी समुद्रापलीकडून एक पाद्री आले होते. आमच्या लोकांना पहिल्यांदा खाटेवर शेजारी बसवून घेतलं ते त्यांनीच. आम्ही कॅथलिक झालो त्याला धर्मशास्त्र फारसं कारण नव्हतं, ती खाट होती. आम्ही त्यांना पाद्रीबाबा म्हणायचो.

पाद्रीबाबा महिन्याकाठी तट्टावर बसून आमच्याकडे यायचे. त्यांचं मराठी निम्मं पोथीतलं आणि निम्मं छावणीतलं होतं. त्या वर्षी ते येताना एक लांब दुर्बीण घेऊन आले. छावणीतला कुणी साहेब विलायतेला परत जाताना ती त्यांना देऊन गेला होता. मंगळ त्या साली फार जवळ आला होता, दिवेलागणीलाच डोंगरावर लालबुंद दिसायचा. बाबांनी अंगणात दुर्बिणीसाठी तीन पायांचं तिकाटणं उभं केलं आणि सगळ्या वस्तीला रांगेत उभं केलं.

माझी सासू मला बघू देईना. येशूचा क्रूस तिने गळ्यात घातला होता, पण त्याखालची जुनी सासू तशीच होती. "पोटुशीनं मंगळ बघू न्हाई," ती म्हणाली. मी जन्माची हट्टी, म्हणून मी गेलेच. काचेतून हरभऱ्याच्या डाळीएवढा तांबूस ठिपका दिसला, थरथरत होता.

"त्याच्यावर रेघा दिसतात का?" बाबांनी विचारलं.

मला एकही रेघ दिसली नाही. तसं मी सांगितलंही. तेव्हा बाबांनी सगळ्यांना सांगितलं की मोठमोठ्या विद्वानांना मोठ्या दुर्बिणीतून तिथे लांबच लांब रेघा दिसल्या आहेत. काहीजण म्हणतात, ते कालवे आहेत. मंगळावर दुष्काळ आहे. त्याच्या दोन्ही टोकांना बर्फ साठतं, ते वितळलं की तिथली माणसं कालवे खणून शेकडो कोसांवरून आपल्या कोरड्या मुलखात पाणी नेतात.

हे ऐकून आमची वस्ती हलली. देवदूतांबद्दल बाबा आम्हाला इतके दिवस सांगत होते, पण त्यांच्याविषयी आपुलकी अशी कुणाला वाटली नव्हती. पाणी वाहणारी माणसं मात्र आमच्या ओळखीची होती. गावातल्या विहिरीवर आम्हाला मज्जाव, ओढ्यात झरे उकरून आम्ही पाणी भरायचो. एक म्हातारा पुढे सरसावला आणि म्हणाला, "बाबा, तिथं बी गावकूस असंल का? तिथं कुसाच्या आत कोण राहतंय आन् भाएर कोण?" सगळे हसले. सासूने तिथे बाळंतिणीचा विटाळ किती दिवस पाळतात ते विचारलं.

आणि मग माझ्या नवऱ्याने तो प्रश्न विचारला. "बाबा, ती माणसं आदामाची लेकरं न्हाईत. आपण आदामाच्या पोटचे, म्हणून जन्मतःच पाप घेऊन येतो. त्यांचं काय? आन् त्यांनी पाप केलं असंल, तर येशू तिथं बी गेला का? का हितं एकदा मेला तेच त्यांना पुरतंय?"

बाबा खूश झाले. असा प्रश्न त्यांना छावणीतल्या कुणी विचारला नसावा. ते तट्टाच्या उतरवलेल्या खोगिरावर बसले आणि आवडीने बोलू लागले. म्हणाले, याचा निकाल धर्मसभेने कधीच दिलेला नाही, पण विचार करायला बंदी नाही. कदाचित ती माणसं कधी पापात पडलीच नसतील, देवाच्या बागेतून त्यांना कुणी हाकललंच नसेल. त्यांच्या लेकरांना बाप्तिस्म्याची गरजही नसेल. किंवा ती पडली असतील, आणि देवाने त्यांना आपल्याला ठाऊक नसलेल्या रीतीने उचललं असेल. किंवा इथल्या क्रूसाची सावली तिथवर पोचत असेल. "देवाने आपल्याला बाप्तिस्म्यासारखे संस्कार दिले," ते म्हणाले, "पण स्वतःचे हात त्यांनी बांधून घेतले नाहीत."

ते वाक्य मी तेव्हा कान देऊन ऐकलं नव्हतं. पाठ दुखत होती. तरी ते कुठेतरी अडकून राहिलं.

त्या हिवाळ्यात वस्तीने स्मशानाला गडगा घातला. माळावरची जागा बाबांनी मोमिनाबादच्या कचेरीत खेटे घालून मिळवली होती. त्यांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, मधोमध बाभळीचा क्रूस रोवला आणि सांगितलं की भोवती भिंत हवी, आतली जमीन आता देवाची आहे. कोल्ही माती उकरायची म्हणूनही भिंत हवीच होती. बायकांनी धोंडे वाहिले. मीही वाहिले, पोट सांभाळत, एका वेळी एक. आम्हाला लई हौस होती. जन्मभर दुसऱ्यांच्या कुसाबाहेर राहिलो होतो, आता आमचं स्वतःचं कूस होत होतं.

मुलगी झाली. तिच्या डोक्यावर दाट, मऊ जावळ होतं, आणि ती रडताना खालचा ओठ आधी बाहेर काढायची, मग आवाज. एवढंच मला तिच्याविषयी सांगता येतं, कारण तिने आणखी काही करून दाखवायला वेळच दिला नाही.

तिचा बाप्तिस्मा लगेच व्हायला हवा होता हे माझा नवरा जाणून होता. पण सासूने सुवेर धरलं. बारा दिवस बाळंतिणीच्या खोलीत पुरुष माणूस येणार नाही, लेकरू बाहेर जाणार नाही, नाव ठेवलं जाणार नाही. बाराव्या दिवशी बारसं करू, त्याच दिवशी पाद्रीबाबांना बोलावू, पाण्याचा आणि नावाचा कार्यक्रम एकदमच उरकू. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. बाबांनाही निरोप गेला, त्यांनीही बरं म्हणून कळवलं. आमच्यात तेव्हा दोन धर्म एकाच घरात गुण्यागोविंदाने राहत होते, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाही वाटत नव्हतं.

बारसं आलंच नाही. तिला डबा झाला. आमच्याकडे लेकराची छाती भरून धाप लागली की डबा म्हणतात. सकाळी दूध प्यायली नाही, दुपारपर्यंत तिच्या फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या. सासूने ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं, बिब्ब्याचा डाग द्यायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. मास्तर दुसऱ्या वाडीच्या शाळेत गेले होते, त्यांना बोलवायला माणूस धावला. तो पोचायच्या आतच माझ्या मांडीवर तिचे ओठ निळे पडायला लागले.

मला काय करायचं ते ठाऊक होतं. मास्तरांनीच वस्तीतल्या सगळ्या बायांकडून ते घोकून घेतलं होतं. लेकराचा जीव जात असेल आणि पाद्री जवळ नसेल, तर कुणीही बाप्तिस्मा द्यावा, बाईनेही द्यावा. पाणी आणि शब्द, एवढंच लागतं. मी सासूला पाणी मागितलं. तिने झऱ्यावरचं निवळ पाणी वाटीत आणलं. मी कापसाचा बोळा भिजवला आणि म्हटलं, "मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं." एकही शब्द चुकला नाही. आणि तो बोळा मी तिच्या ओठांत पिळला.

डोक्यावर नाही. तोंडात. माझ्या आईच्या तोंडात मी असंच पाणी घातलं होतं, माझ्या आईने तिच्या आईच्या. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं असतं, हात त्या वाटेनेच गेला. आणि ओठ सुकले होते तिचे. तहानेने सुकलेले ओठ समोर असताना पाणी दुसरीकडे कुठे ओतायचं, हे मला आजही कुणी समजावून द्यावं.

तिने ते पाणी गिळलं, आणि तिथेच थांबली.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तट्टाच्या तोंडाला फेस आला होता. सुवेर आता कसलं राहिलं होतं? ते सरळ खोलीत आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"तू शब्द म्हणालीस?"

"म्हटले, बाबा. समदे."

"आणि पाणी?"

"घातलं की. तोंडात."

ते जवळ सरकले. मग अगदी हळू म्हणाले, "डोक्यावरही पडलं असेल ना? थोडं? केसांवर?"

"न्हाई."

"लेकरू इवलं. हात कापत असेल तुझा. बोळ्यातून चार थेंब ओघळले असतील, कपाळावर, कानाशी. आठवून सांग, बाई."

मी आठवलं, आणि ताठ मानेने सांगितलं, "एक थेंब सांडला न्हाई, बाबा. समदं तिच्या पोटात गेलं."

मला वाटलं ते मला शाबास म्हणतील. ते उठले आणि दाराबाहेर जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांना माझ्याकडून एक हो हवं होतं. एका थेंबाची शंका जरी मी ठेवली असती, तरी तेवढ्यावर ते तिला आत घेणार होते. हे मला मास्तरांनी पुढे कधीतरी सांगितलं. त्या सकाळी मला वाटत होतं की मी परीक्षेत उतरले आहे.

तोंडातलं पाणी म्हणजे पिणं, अंगावरून वाहिलं तर ते धुणं, आणि बाप्तिस्मा म्हणजे धुणं. म्हणून तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. म्हणून ती गडग्याच्या आत जाऊ शकत नव्हती. मास्तरांनी तिला बाहेर, गडग्याच्या अंगाला, हिवराच्या झाडाखाली ठेवलं. मी वाहिलेले धोंडे भिंतीत बसले होते, ती त्यांच्या पलीकडून. कोल्ह्यांच्या भयाने मास्तरांनी माळावरचे आणखी धोंडे गोळा करून तिच्यावर रचले. एवढ्याशा जिवावर इतकं ओझं. मी गेले नव्हते, मला जाऊ दिलं नव्हतं, पण धोंड्यावर धोंडा ठेवल्याचा आवाज वस्तीपर्यंत येत होता.

मला बाबांनी समजावलं की ती काही नरकात गेलेली नाही. अशा लेकरांसाठी स्वर्गाच्या कडेला एक जागा आहे. तिथे दुःख नाही, रडणं नाही. फक्त देवाचं दर्शन नाही.

"म्हंजे आमी धर्मापुरीच्या देवळाभाएर उभे राहायचो तसं," मी म्हणाले. "घंटा ऐकू यायची, देव दिसायचा न्हाई. त्यालाच कटाळून तुमच्याकडं आलतो आमी, बाबा."

चाळीस दिवसांनी बाळंतीण देवळात जाऊन आशीर्वाद घेते, तशी मला नेली. रिकाम्या ओटीने कसला आशीर्वाद? पण मी गेले, कारण मला काहीतरी आठवलं होतं. सकाळी भाकरी थापताना माझ्या डोळ्यांतून पाणी गळालं आणि परातीतल्या पिठावर टपकलं, तेव्हा आठवलं. हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली. त्या दिवशी ती मांडीवर होती, मी तिच्यावर वाकले होते आणि शब्द म्हणत होते. माझे डोळे धो धो वाहत होते. तिचं कपाळ ओलं झालं होतं. जावळ चिकटलं होतं. मीच ते पदराने पुसलं होतं.

मी देवळात शिरले तीच बोलत. "बाबा, पडलं होतं! डोक्यावर पाणी पडलं होतं!"

त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो कधी विसरणार नाही. "कुठलं पाणी?"

"डोळ्यातलं. माझ्या डोळ्यातलं. वाहत होतं, बाबा, पार कानापर्यंत ओघळलं होतं, आन् शब्द बी तवाच म्हणत होते."

मग झोळीतून त्यांनी आपलं छोटं काळं पुस्तक काढलं. मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाबा." मी म्हटलं, "न्हाई, वाचा. मला कळंल अशा बोलीत वाचा."

त्यांनी वाचलं. नदीचं पाणी चालतं, विहिरीचं चालतं, पावसाचं, समुद्राचं, वितळलेल्या बर्फाचं चालतं. थुंकी चालत नाही, घाम चालत नाही. आणि डोळ्यांतलं पाणी चालत नाही.

तेही लिहून ठेवलेलं होतं. म्हणजे माझ्याआधी कुठल्यातरी मुलखात, कुठल्यातरी बाईने हेच विचारलं असणार, आणि कुणीतरी तिचं म्हणणं ऐकून घेऊन, नीट विचार करून, नाही असं लिहून ठेवलं होतं. मला त्या बाईची फार दया आली. स्वतःची नंतर आली.

मग मात्र माझा तोल गेला. मी देवळात आहे हे विसरले. "त्या वर मंगळावर कोण हाय का न्हाई ते बी तुमाला ठाव न्हाई," मी ओरडले, "तर त्यांच्यासाठी तीन-तीन दारं उघडलीत तुमी! ते पापीच नसतील म्हनालात. असले तरी देव त्यांना कसा बी उचलंल म्हनालात. देवाचे हात बांधलेले न्हाईत म्हनालात, ह्या अंगणात बसून! मग माझ्या लेकीच्या टायमाला काऊन बांधले? ती तर हितंच होती. माझ्या मांडीवर होती."

मास्तर माझा दंड धरून मला बाहेर न्यायला लागले. बाबांनी हाताने त्यांना थांबवलं. त्यांचे डोळे भरले होते, पाणी ओघळून दाढीत गेलं. तेही न चालणारंच पाणी.

"त्यांच्याबद्दल पुस्तकात काही लिहिलेलं नाही, बाई," ते म्हणाले. "म्हणून मी बोलू शकलो."

एवढंच म्हणाले. पण मला सगळं कळलं. जिथे पुस्तक पोचलेलं नाही तिथे देव मोकळा आहे. माझी लेक पुस्तक पोचलेल्या मुलखात जन्मली होती.

बाबांवर मी फार दिवस राग धरला नाही. ते वाईट माणूस नव्हते. पुढे जितक्या वेळा आले तितक्या वेळा आधी माळावर जायचे, हिवराखाली टोपी काढून उभे राहायचे, मग वस्तीत यायचे. दुर्बीण पुन्हा त्यांनी आणली नाही. छावणी उठली तेव्हा त्यांची बदली झाली आणि ते गेले. मास्तरांनी त्या दिवसानंतर कुणालाच काही विचारलं नाही. मुलांना शिकवायचे, पण मुलांनी प्रश्न विचारला की म्हणायचे, पुढचं वाच. मला त्याचंही दुःख होतं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. पुढची आमची मुलं जन्मली तेव्हा नाळ कापायच्या आधी मी त्यांच्या डोक्यावर तांब्या ओतला. सासू हूं की चूं करायची नाही, तांब्या तीच भरून ठेवायची. वस्तीतल्या प्रत्येक बाळंतपणाला मी तांब्या घेऊन जायचे. ती सगळी लेकरं देवाच्या दारात कोरडी उभी राहणार नाहीत, एवढं मी पाहिलं.

आणि तिच्यासाठी मी मनाशी एक ठरवून टाकलं. ती त्या कडेच्या जागेत गेलीच नाही, ती मंगळावर गेली. पुस्तक जिथे नाही तिथे. आदामाची नसलेली माणसं तिथे आहेत. सुरुवातीला मला भय वाटायचं, की ज्यांनी पाप केलं नाही त्यांना मरण ठाऊक नसेल, आणि ज्यांना मरण ठाऊक नाही ती माणसं माझ्या लेकीला काय समजून घेणार? मग कालवे आठवायचे. शेकडो कोसांवरून पाणी वाहून आणणाऱ्या माणसांना तहान ठाऊक असणारच. सुकलेल्या ओठांचं लेकरू दारात आलं तर ती त्याचं डोकं बघत बसणार नाहीत, आधी तोंडात पाणी घालतील. मग तिथल्या कुठल्यातरी बाईच्या मांडीवर ती खालचा ओठ बाहेर काढून रडली असेल. असं म्हणत म्हणत मी सगळा जन्म काढला. सासू गेली, मास्तर गेले, निजामाचं राज्य गेलं. मंगळ उगवला की मी अंगणात येऊन बसायचे, आणि घरातले समजायचे की म्हातारीला उकडतंय.

मागच्या उन्हाळ्यात माझा धाकटा मुलगा वर्तमानपत्र वाचत बसला होता. तोही बापासारखा मास्तर आहे. मी त्याला सहज विचारलं, त्या मंगळावरच्या कालव्यांचं आणखी काही कळलं का रे? तो हसला. म्हणाला, "आये, ते कालवे न्हवतेच. नजरंचा भास होता लोकांचा. तिथं पाणी न्हाई आन् माणूस बी न्हाई. नुसता धुरळा हाय."

त्याला काय ठाऊक? ठाऊक असतं तर तो असं हसला नसता. त्या अंगणात दुर्बिणीला डोळा लावून मला एकही रेघ दिसली नव्हती, आणि तेव्हाही मी खरं तेच सांगितलं होतं. खरं सांगून माझ्या पदरात कधी काही पडलं नाही. मी उठले, तांब्या भरून घेतला आणि काठी टेकत माळावर गेले. गडगा दोन ठिकाणी ढासळला आहे, हिवर मात्र तसाच आहे. मास्तरांनी रचलेले धोंडे मातीत अर्धे बुडालेत. तिला ठेवताना तिचं डोकं कुठल्या अंगाला केलं ते त्यांनी मला एकदा बोट दाखवून सांगितलं होतं, त्यामुळे कपाळ कुठे आणि ओठ कुठे ते मला बरोबर माहीत होतं. मी ओठांच्या जागी पाणी ओतलं.